पाणी किती फुटावर?

आईनं कोल्हापुरात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये एक जागा दरवर्षी ठरलेली: पूर्वेकडील व्हेनिस असे ______ या शहरास म्हणतात. उत्तर अलेप्पी. कुणी उदयपूर लिहिलं तरी ती काट मारायची नाही. उदयपूरलाही तसं म्हणतात, श्रीनगरलाही म्हणतात; आपल्याकडं पूर्वेकडची व्हेनिसं पैशाला पासरी आहेत. त्यामुळं इटलीला जायचं ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मला पश्चिमेकडचं बघायचंय.”

दिवाळीनंतरचे दहा दिवस होते. विमान रोमला उतरणार, रोमहूनच परतणार, म्हणून रोमच्या पाच रात्री पक्क्या. उरल्या चार. त्या चार रात्रींना दोन उमेदवार, व्हेनिस आणि फ्लोरेन्स. “दोन-दोन वाटून टाका की,” असं शेजारच्या काकूंपासून व्हिसाचे कागद तपासणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे एक दिवस बॅगा उघडण्यात, दुसरा भरण्यात. शिवाय माझे हात एकदा पोळलेले होते.

वीस वर्षांपूर्वी मी आणि नवरा एका ग्रुप टूरनं युरोपला जाऊन आलो होतो. व्हेनिसला बस ट्रोन्केत्तोच्या तळावर थांबली, मोटरबोटीनं सगळ्यांना सान मार्कोला नेलं, काचेच्या दुकानात एकानं फुंकर मारून घोडा करून दाखवला. मग अर्धा तास गोंडोला. मग चौकात कबुतरांना दाणे (तेव्हा दाण्याच्या पुड्या विकत मिळायच्या, २००८ पासून बंदी आली). मग एका भारतीय हॉटेलात पनीर, आणि परत बस. एकूण चार तास. फ्लोरेन्सला त्याहून कमी. गावाबाहेरच्या टेकडीवर पियाझ्झाले मिकेलांजेलोला बस उभी केली, तिथल्या मिकेलांजेलोच्या डेव्हिडच्या नकली ब्राँझ पुतळ्यापुढं सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढला, खाली उतरून कॅथेड्रलला एक चक्कर, आणि “चला चला, पिसाला उशीर होतोय.” पिसा चुकवून चालणार नव्हतं. आपल्या माणसांना सरळ उभ्या असलेल्या गोष्टीपेक्षा कललेली गोष्ट फार आवडते.

तर माझी दोन्ही शहरं ‘झाली’ होती. कबुतरांसोबतचा फोटो आहे, डेव्हिडसोबतचा आहे. त्यापलीकडं काही विचाराल तर पनीर तिखट होतं एवढं आठवतं.

नवरा पुण्याचा. त्यानं एक्सेल उघडलं. रोमहून ट्रेननं फ्लोरेन्स दीड तास, व्हेनिस चार तासांच्या आसपास. व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, म्हणजे स्टेशनपासून हॉटेलपर्यंत बॅगा आपणच ओढायच्या, त्याही पुलांवरून. पूल चारशेच्या वर आणि बहुतेक सगळ्यांना पायऱ्या. आईसाठी त्यानं एक वेगळा रकाना केला आणि त्याला नाव दिलं ‘गुडघे’. व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यावरची बस, एका तिकिटाला साडेनऊ युरो. गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो. शहरात शिरायला तिकीट! पाच युरो, २०२४ पासून सुरू झालेलं. पण ते ठरावीक दिवशीच लागतं, नोव्हेंबरात नाही, आणि मुक्कामाला येणाऱ्याला माफ. आम्हाला लागू नव्हतं, तरी त्यानं रकाना ठेवला. तत्त्वाचा प्रश्न होता म्हणे. बेरीज आली: व्हेनिस ७१, फ्लोरेन्स ७०. हा निकाल त्याला फार आवडला, कारण आता कुठल्या रकान्याला किती वजन द्यायचं यावर आणखी आठवडाभर काम करता येणार होतं.

दादाचा फोन आला तो याच आठवड्यात. दादा शाहूपुरीत राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी त्याच्या घरात छातीएवढं होतं, २०२१ ला पुन्हा आलं. तो म्हणाला, “पाणी बघायला एवढ्या लांब कशाला गं? जुलैत ये की इकडं. फुकट दाखवतो. व्हीनस कॉर्नरला होडी बी मिळंल.”

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. व्हीनस कॉर्नर हा आमच्याकडचा एक भरगच्च चौक आहे, आणि पूर आला की तिथं होड्या चालतात. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, पण कोल्हापुरी माणूस पाण्यात उभा राहूनसुद्धा हसण्यावारी नेतो. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी कुणाला “कसे आहात” विचारत नाही; “पाणी किती फुटावर?” विचारतात. राजाराम बंधाऱ्यावरचं माप सगळ्यांना तोंडपाठ. एकोणचाळीस फूट इशारा पातळी, त्रेचाळीस फूट धोका पातळी. २०१९ ला ते पंचावन्नच्या वर गेलं. दादाच्या भिंतीवर अजून ती रेघ आहे. दोनदा रंग दिला, रेघ वर येतेच.

मला स्वतःला तेव्हा, खरं सांगते, व्हेनिसच हवं होतं. आईसाठी नव्हे, पनीर पुसून काढायला. त्या दिवसांत मी रात्री जागून त्या शहराबद्दल जे मिळेल ते वाचत होते आणि जितकं वाचावं तितकं ते शहर खोटं वाटत होतं. खाऱ्या चिखलात लाकडाचे खुंट ठोकायचे, हजारोंनी, एकाला एक चिकटून; त्यावर फळ्या, त्यावर इस्ट्रियाचा पांढरा दगड, आणि त्यावर राजवाडे. खालचं लाकूड शेकडो वर्षं कुजत नाही, कारण त्या चिखलात त्याला हवाच मिळत नाही. आणि ही सगळी श्रीमंती कशावर उभी, तर बऱ्याच अंशी आपल्या मिरीवर. मलबारची मिरी अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, तिथून अलेक्झांड्रियाला, आणि अलेक्झांड्रियाहून व्हेनिसच्या जहाजांवर. मधल्या प्रत्येक हातानं आपला वाटा काढायचा आणि शेवटचा, चांगलाच जाड वाटा व्हेनिसचा. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला, तेव्हा शाळेच्या पुस्तकात आपण ‘युरोपीयांचे आगमन’ म्हणून तारीख पाठ केली. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला तो याच बातमीनं.

मिरी घ्यायची तर बदल्यात काही द्यायला हवं. व्हेनिसकडं देण्यासारखं होतं सोनं. १२८४ पासून तिथं डुकाट पाडत होते, साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं, एका बाजूला सेंट मार्कपुढं गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. शतकानुशतकं ते नाणं तसंच राहिलं, म्हणून ज्या बंदरात जाईल तिथं लोक ते डोळे मिटून घेत. आपल्याकडंही आलं. नाण्यावर माणसांच्या आकृती, म्हणून आपण त्याला म्हणालो पुतळी. नाणी ओवून माळ केली, ती पुतळ्यांची माळ. आजच्या पुतळीवरचा ठसा बदलत-बदलत कुठल्या कुठं गेलाय, पण मूळ हे.

मी हे वाचलं आणि रात्री साडेअकराला आईला उठवलं. आजीची पुतळ्यांची माळ तिच्याकडं आहे. आई अर्धवट झोपेत म्हणाली, “ती लॉकरात आहे,” आणि कूस बदलली.

व्हेनिसचं पारडं असं चांगलंच जड झालं होतं. मग दादाचाच पुन्हा फोन आला, आईला. मी स्वयंपाकघरात होते, स्पीकरवर ऐकू येत होतं.

“आई, तुमच्या त्या दुसऱ्या गावात आपला महाराज आहे की.”

“कोण?”

“राजाराम महाराज. फ्लोरेन्सला. तुला म्हाईत नाही? म्हायती असंल. तिथं गेलीस तर माझा पण नमस्कार सांग.”

आईला माहीत होतं. कोल्हापुरात बहुतेकांना अर्धंमुर्धं माहीत असतं. राजाराम हे नाव आमच्याकडं इतक्या ठिकाणी आहे – कॉलेज, बंधारा, तलाव, पुरी – की हा कुठला राजाराम ते कुणी विचारत बसत नाही. ताराराणींचे पती ते निराळे, बंधाऱ्याच्या काळातले निराळे. हा मधला. दत्तक घेतलेलं पोर, १८६६ मध्ये गादीवर आलं, १८७० मध्ये इंग्लंडला गेलं, व्हिक्टोरिया राणीला भेटलं, रोज रोजनिशी लिहीत राहिलं, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्सच्या एका हॉटेलात गेलं. वय जेमतेम वीस. परक्या मुलखात, थंडीत. त्याच्यानंतर पुन्हा दत्तक, मग पुन्हा दत्तक, आणि तो दुसरा दत्तक म्हणजे शाहू महाराज. म्हणजे कोल्हापूरच्या इतिहासाचा सांधा ज्या ठिकाणी फिरला, ते ठिकाण इटलीत आहे.

आईनं फोन ठेवला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाली, “फ्लोरेन्सची तिकिटं काढा.”

“आणि पश्चिमेकडचं व्हेनिस?”

“कुठं जातंय ते?” म्हणाली. मग भूगोलाच्या बाईंना आपण काय बोललो हे कळलं, कारण ते शहर हळूहळू खचतंय हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं. “बरं, जाईल तेव्हा जाईल,” म्हणाली.

नवऱ्यानं एक्सेलमध्ये नवीन रकाना घातला: ‘महाराज’. दहापैकी दहा.

फ्लोरेन्सला आम्ही सान्ता क्रोचे चर्चच्या बाजूला एका जुन्या इमारतीत उतरलो. तिसरा मजला, लिफ्ट एवढीशी की दोन माणसं आत गेली तर एकाला श्वास सोडता येऊ नये. त्या भागातून वेक्कियो पूल, उफ्फिझ्झीचं चित्रसंग्रहालय, कॅथेड्रल सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांवर, आणि जमीन सपाट. आईच्या गुडघ्यांनी पहिल्याच संध्याकाळी मत दिलं.

पाव मात्र तिला पटला नाही. “मीठ विसरलेत,” म्हणाली. विसरले नव्हते, तोस्कानाचा पाव बिनमिठाचाच असतो. शिळा झाला की तो फेकत नाहीत, पांढरा घेवडा, काळपट हिरवा पाला आणि बटाटा घालून त्याचं दाट सूप करतात, रिबोल्लिता. फोडणीच्या पोळीची ही चुलत बहीण. आई पुढचे चारही दिवस तीच खात होती. गावात मांसाचं वेड कोल्हापूरला लाजवेल असं आहे, पण ते सगळं गाईचं, त्यामुळं आमची गाडी घेवड्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले तर आईही बरोबर आली. आमच्याच गल्लीच्या टोकाला, व्हिया देई नेरी आणि सान रेमिज्योच्या कोपऱ्यावर, ती एकदम थांबली. भिंतीवर एक दगडी पाटी, त्यावर लाटांची रेघ आणि त्या रेघेकडं बोट दाखवणारा एक हात. जुनी, झिजलेली. तिच्याही वर, बरीच वर, आणखी एक पाटी. आई मान वर करून बघत राहिली. शेवटी म्हणाली, “ही पुराची खूण आहे.”

इटालियनचं अक्षर न समजता तिला ते कळलं. खालची पाटी ४ नोव्हेंबर १३३३ ची. वरची ४ नोव्हेंबर १९६६ ची. तारीख तीच, मध्ये सहाशे तेहतीस वर्षं. १३३३ च्या पुरानं तिथला जुना पूल वाहून गेला. आज जो वेक्कियो पूल आपण फोटोत बघतो तो त्यानंतर १३४५ ला बांधलेला. आणि १९६६ च्या त्याच दिवशी, त्याच वादळात, व्हेनिसही बुडालं होतं. भरतीचं पाणी नेहमीच्या पातळीवर १९४ सेंटीमीटर चढलं. त्यापेक्षा जास्त तिथं आजवर कधी नोंदलेलं नाही. दोन्ही उमेदवार एकाच दिवशी पाण्यात. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता.

मी आईला तिथं कोपऱ्यावरच हे सांगितलं आणि पुढचा अर्धा तास आमचं दूध राहून गेलं.

कारण ही दोन पाणी वेगळी होती. व्हेनिसचं पाणी समुद्राचं. भरतीबरोबर चढतं, काही तासांनी उतरतं, आकडा आधी कळतो. भोंगा वाजतो, लोक गुडघ्यापर्यंतचे बूट घालतात, सान मार्को चौकात फळ्या टाकतात आणि त्यावरून ओळीनं चालतात. कधी चुकतंच, २०१९ च्या नोव्हेंबरात, आमच्या पुराच्याच वर्षी, ते १८७ सेंटीमीटरला गेलं. पण आता खाडीच्या तोंडाशी ७८ दरवाजे बसवलेत, २०२० पासून भरती येताना ते वर उचलतात. व्हेनिसचं पाण्याशी लग्न झालंय म्हणतात. खरोखरच, डोजे दरवर्षी समुद्रात अंगठी टाकून ते लग्न लावायचा. भांडणं आहेत, पण संसार आहे.

फ्लोरेन्सचं तसं नाही. तिथं आर्नो नदी आहे, दोन्ही बाजूंनी उंच भिंती घातलेली, खाली कुठंतरी वाहणारी. उन्हाळ्यात तर ओढ्याएवढी. लोक तिच्यावरून पलीकडं जातात, तिच्याकडं बघत नाहीत. आणि मग एका पहाटे ती घरात येते. १९६६ ला सान्ता क्रोचेच्या बाजूला काही गल्ल्यांत पाणी पाच मीटरच्या आसपास होतं. थंडीसाठी तळघरांतल्या टाक्यांत तेल भरून ठेवलेलं. ते फुटून पाण्यात मिसळलं, आणि पाणी उतरलं तेव्हा भिंतींवर, चित्रांवर, पुस्तकांवर काळी तेलकट रेघ राहिली. सान्ता क्रोचेतल्या, चिमाबुए या जुन्या चित्रकारानं रंगवलेल्या क्रूसावरचा अर्ध्याहून जास्त रंग गेला. कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्त्रीच्या (बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या) सोनेरी दारांतले पाच पत्रे निखळून पडले. राष्ट्रीय ग्रंथालय नदीला लागूनच. तिथली दहा लाखांहून जास्त पुस्तकं-कागद चिखलात. आणि पाणी उतरल्यावर लगेच तोच वाद: वरच्या धरणातून पाणी कुणी सोडलं, कधी सोडलं, कुणाला का नाही सांगितलं.

आईनं हे ऐकून माझ्याकडं असं बघितलं, जसं वर्गात मागच्या बाकावरच्यानं बरोबर उत्तर दिल्यावर बघायची. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, अलमट्टीचा फुगवटा. शब्द बदला, भांडण तेच. दादाला उगाच वाटत होतं की कोल्हापूरचं व्हेनिस होतं. कोल्हापूरचं फ्लोरेन्स होतं. आम्हीही नदीकडं पाठ करून घरं बांधणारी माणसं.

पुढचा भाग तर तिला फारच आवडला. चिखल काढायला देशोदेशीची तरुण पोरं आली, विद्यार्थी, कुणी बोलावलं नव्हतं. ग्रंथालयाच्या तळघरातून हातोहात पुस्तकं वर काढत होती. इटालियन लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. “तालमीची पोरं,” आई म्हणाली. बरोबर आहे, २०१९ ला दादाच्या घरातला फ्रिज तालमीच्या पोरांनीच बाहेर काढला होता. आणि ती ओली पुस्तकं वाळवली कशी? तंबाखूच्या भट्ट्यांत. जिथं तंबाखूची पानं सुकवतात तिथं पानापानांमधून गरम हवा खेळवून. निपाणीच्या मुलखाशेजारी आयुष्य काढलेल्या बाईला याहून पटणारी गोष्ट नव्हती. मला वाटतं, पुढच्या तीन दिवसांत तिनं जी चित्रं बघितली त्या प्रत्येकाकडं ‘हे पाण्यात होतं का?’ याच नजरेनं बघितलं.

चित्रांबद्दल इथं फारसं लिहीत नाही. डेव्हिडबद्दल तर नाहीच. सव्वापाच मीटरच्या जवळपास उंच, आणि खरा बघितल्यावर टेकडीवरच्या त्या नकलीचा राग आला, एवढं पुरे. उफ्फिझ्झीत बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढं आई बाकावर बसली ती वीस मिनिटं उठली नाही. मी दादाला फोटो पाठवला. त्याचा उलट मेसेज: ‘व्हीनसला बी पाण्यातच उभं केलंय की.’

कॅथेड्रलच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी चढले, ती खाली बसली. उतरल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “विजापूरच्या गोलघुमटापेक्षा मोठा?” तिनं बारा-तेरा सहली गोलघुमटाला नेल्या आहेत, तिचं ते माप. सांगावं लागलं की हा रुंदीला सुमारे ४५ मीटर, आपला आतून ३८ च्या आसपास. आणि हा १४३६ चा, आपला त्यानंतर दोनशे वीस वर्षांनी. तिचा चेहरा पडला. म्हटलं, “पण हा अष्टकोनी आहे, गोल नाही.” तेवढ्यानं जरा सावरली. ब्रुनेलेस्कीनं खालून लाकडी आधार न लावता, विटा तिरक्या-उभ्या एकमेकींत अडकवत हा वर चढवला, चाळीस लाखांवर विटा. पण ते ऐकायला ती तयार नव्हती. “आवाज सात वेळा घुमतो का?” घुमत नाही. मग झालं.

वेक्कियो पुलाला तिनं गुजरी, म्हणजे आमच्या कोल्हापुरातला सराफ बाजार, म्हटलं आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. दोन्ही बाजूंनी सोन्याची एवढीएवढीशी दुकानं, रात्री लाकडी झडपा लागल्या की ओळीनं पेट्या ठेवल्यासारखी. पूर्वी तिथं खाटीक होते. पुलावरूनच फ्लोरेन्सच्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याचा खासगी रस्ता जातो, १५६५ मध्ये व्हासारीनं बांधलेला. जाता-येता वास येतो म्हणून १५९३ मध्ये ड्यूक फेर्दिनान्दोनं खाटकांना हुसकावून सोनारांना बसवलं. एका काचेतलं नाण्यांचं पदक बघून आई म्हणाली, “पुतळी.” म्हणजे त्या रात्री झोपेत तिनं ऐकलं होतं तर.

चामड्याच्या बाजारात एका दुकानदारानं तिच्या पायांतल्या कोल्हापुरीकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. ती मराठीत म्हणाली, “हे आमचं आहे.” मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला चालून गेल्याची बातमी तिनं ‘पुढारी’त वाचलेली होती, आणि त्या माणसाचा त्यात काही दोष नव्हता.

कास्चिने बाग गावाच्या पश्चिमेला नदीच्या कडेनं लांबच लांब पसरलीय आणि आपल्याला जायचं ते तिच्या पार शेवटच्या टोकाला. टॅक्सी केली. पत्ता दाखवला तर ड्रायव्हर म्हणाला, “आह, लिंदियानो.” इंडियन. तिथं चौकाला तेच नाव, शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच. नाव कुणाला ठाऊक नाही, पण गावातला कुणीही ‘इंडियन’ म्हटलं की कुठं सोडायचं ते जाणतो.

नोव्हेंबरची ढगाळ सकाळ, पिवळी पानं, दोन-तीन सायकलवाले, एक कुत्रा. आणि झाडांच्या मध्ये एक छत्री. पावसाची नव्हे, आपली, समाधीवरची. खांब, कमानी, वर घुमट, जणू कोल्हापुरातून उचलून आणलेली. खरंच तसं आहे. ती आखली मेजर मँटनं, ज्यानं पुढं कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला. आत फुलरनं घडवलेला अर्धपुतळा, रंगवलेला. पागोटं, दागिने, मिशी नीट फुटायच्या आधीचा चेहरा.

आईनं चपला काढल्या. गवत ओलं होतं, मी म्हटलं मोजे तरी राहू दे. तिनं ऐकलं नाही.

तेव्हा इटलीत प्रेत जाळायची मुभा नव्हती. फ्लोरेन्स त्या काळी, १८६५ ते १८७१, इटलीची राजधानी होतं. राजधानीच्या नगरपालिकेनं खास परवानगी दिली. बरोबरच्या माणसांनी जागा शोधली ती ही, कारण इथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम हवा होता. कोल्हापूरपासून हजारो मैलांवर, भाषा येत नाही, राजा गेलाय, आणि ती माणसं परक्या गावात संगम विचारत फिरत असतील, हे मला तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट दिसलं. पंचगंगा सुरू होते तो प्रयाग चिखलीचा संगम आई लहानपणापासून बघत आली आहे. ती काठाशी गेली. मुन्योने म्हणजे नाल्याहून जरा बरं पाणी. पण संगम तो संगम.

“वीस वर्षांचं पोर,” ती म्हणाली. “माझ्या दहावीच्या वर्गापेक्षा चार वर्षांनी मोठं.” आणि मग आर्नोकडं बघत, सवयीनं, “आत्ता पाणी किती फुटावर असेल गं?”

आम्ही बाकावर बसलो. तिच्या पिशवीत दिवाळीच्या फराळाचा डबा होता, रोमपासून जपलेला. चिवडा जरा मऊ पडला होता. तिनं आधी एक करंजी छत्रीच्या पायरीवर ठेवली. कुत्र्यानं ती पाहिली होती. आम्ही पाठ फिरवेपर्यंत त्यानं धीर धरला, एवढी त्याची सभ्यता.

शेवटच्या रात्री नवरा म्हणाला, “उद्या मोकळा दिवस आहे. व्हेनिसला ट्रेननं दोन तास आणि थोडं वर. सकाळी जाऊन रात्री परत येता येईल.”

“चार तासांचं व्हेनिस हिनं केलंय,” आई म्हणाली. “मला नको.” आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या कोपऱ्यावर जाऊन दोन पाट्यांमधलं अंतर वितीनं मोजायचा प्रयत्न करून आली. वरच्या पाटीपर्यंत हात पोहोचत नाही म्हणाली.

रोमला परतताना ट्रेनमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण ते बघायचं राहिलंच.”

“पुढच्या वर्षी येऊ, आई. नुसतं व्हेनिस.”

“तसं नव्हे. अलेप्पी.”

“अलेप्पी? तू बघितलं नाहीस?”

“नाही.”

“मग एकतीस वर्षं...”

“पुस्तकात होतं,” आई म्हणाली.

नवऱ्यानं फोनवर एक्सेल उघडलं होतं. पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘गुडघे’.